अस्सल कागद हरवला, की न्यायही वाट चुकतो

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल वाचला गेला. शिक्षा भोगणारे आरोपी न्यायालयात हजर नव्हते. ते येरवडा, नाशिक, नागपूर आणि आपल्या अमरावतीच्या कारागृहांतून पडद्यावर निकाल ऐकत होते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांच्यापैकी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक जण तो शब्द ऐकायला उरला नव्हता, २०२१ मध्येच नागपूर कारागृहाच्या कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला होता.

बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल दिला. रमजानच्या दिवसांत भिक्खू चौकात झालेल्या त्या स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले होते. माजी खासदार प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह सातही आरोपी निर्दोष सुटले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पहिल्या निकालाने आपल्या मोहल्ल्यांत समाधान पसरले, दुसऱ्या निकालाने खिन्नता. दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत. पण भावना ओसरल्यावर दोन्ही खटल्यांत समान असलेल्या एका गोष्टीकडे पाहायला हवे. ती गोष्ट म्हणजे कागद. जबाब कोणी लिहिला, तो कोणाचा पाहून लिहिला, अस्सल कुठे ठेवला, नक्कल कोणी काढली आणि ती अस्सलाशी ताडून कोणी पाहिली, हे ते प्रश्न आहेत. ते कारकुनी वाटतात. प्रत्यक्षात माणसाची १९ वर्षे आणि सहा कुटुंबांचा न्याय या कारकुनीवर तोलला गेला आहे.

मालेगावचे आधी पाहू. या खटल्याचा तपास प्रथम स्थानिक पोलिसांकडे होता, मग हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालील राज्य दहशतवादविरोधी पथकाकडे गेला आणि २०११ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे म्हणजे एनआयएकडे आला. दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेले काही साक्षीदारांचे जबाब आणि काही कबुलीजबाब यांचे मूळ कागद न्यायालयाच्या दप्तरात सापडत नाहीत, ही बाब २०१६ मध्ये उघड झाली. तेव्हा यंत्रणेने छायाप्रती, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत झेरॉक्स, पुरावा म्हणून वापरण्याची परवानगी मागितली. जानेवारी २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने ती दिली. एका आरोपीने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. न्या. अभय ओक आणि न्या. अजय गडकरी यांच्या खंडपीठाने २०१९ मध्ये नेमका प्रश्न विचारला: या छायाप्रती मूळ कागदांवरूनच काढल्या आहेत, हे कोणी सिद्ध केले? त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि उच्च न्यायालयाने त्या छायाप्रतींचा वापर रोखला.

आपल्यापैकी अनेकांना तेव्हा हा निर्णय पटला नाही. कागद सरकारच्या ताब्यातून गेला आणि फायदा आरोपींना मिळाला, हा कुठला न्याय, असे लोक म्हणाले. हा राग खोटा नव्हे. पण तो योग्य पत्त्यावर जायला हवा, आणि त्यासाठी कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्यायला हवे.

झेरॉक्स पुरावा म्हणून कधीच चालत नाही, हा आपल्याकडचा सार्वत्रिक गैरसमज आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने नकलेला कधीही दार बंद केले नव्हते. कागदातला मजकूर सिद्ध करायचा तर मूळ कागद हजर करावा, हा नियम. त्याला दुय्यम पुरावा म्हणजे नक्कल हा अपवाद. मूळ कागद विरुद्ध पक्षाच्या ताब्यात असेल आणि तो देत नसेल, मूळ कागद हरवला किंवा नष्ट झाला असेल, किंवा तो सरकारी दप्तरातला असेल, तर नक्कल चालते. त्या काळी छायाचित्रण नवे होते, तरी कायद्याच्या मसुद्यातच उदाहरण दिले होते: मूळ कागदाचे छायाचित्र ताडून पाहिले नसले तरी दुय्यम पुरावा ठरते, पण ज्याचे छायाचित्र काढले ती वस्तू मूळच होती हे सिद्ध झाले पाहिजे. नकलेच्या नकलेबद्दलही तसेच. पहिली नक्कल अस्सलावरून निघाली होती हे दाखवता आले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ५७ ते ६० या कलमांत हीच चौकट कायम आहे.

म्हणजे कायदा दोनच गोष्टी विचारतो. अस्सल का आणता येत नाही, ते सांगा. आणि ही नक्कल त्या अस्सलाचीच आहे, हे दाखवा. मालेगावात अडले ते दुसऱ्या प्रश्नावर. मूळ कागद दप्तरात असताना, त्याच्याशी ताडून, सही-शिक्क्यानिशी प्रमाणित प्रत काढून ठेवली असती, तर कागद हरवूनही खटल्याला एवढा धक्का बसला नसता. तेव्हा आपला सवाल उच्च न्यायालयाला नाही. तो कागद ज्यांनी सांभाळायचा होता त्यांना आहे. मालेगावच्या पीडितांचा दावा आता अपिलात उच्च न्यायालयासमोर आहे. त्यात काय ठरायचे ते ठरेल. पण दहशतवादाच्या खटल्यातले मूळ जबाब नाहीसे होतात, याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न निकाल कोणताही लागला तरी शिल्लक राहतो.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दंडाधिकाऱ्यांसमोरचा साक्षीदाराचा जबाब हा स्वतः पूर्ण पुरावा नसतो. साक्षीदाराने न्यायालयात उभे राहून पुन्हा सांगावे लागते. तो फिरला तर जुना जबाब त्याच्यासमोर ठेवून त्याची उलटतपासणी करता येते. मालेगाव खटल्यात ३२३ साक्षीदार तपासले गेले आणि त्यांतले तीसहून अधिक उलटले. साक्षीदार उलटतो तेव्हा त्याला धरून ठेवणारी दोरी म्हणजे तो मूळ जबाब. ज्या जबाबांचे कागद गेले, तिथे ती दोरीच हातात उरली नाही. शिवाय निकालात न्यायालयाने काही जखमींच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांत फेरफार झाल्याचे नोंदवले आणि जखमींची संख्या १०१ नव्हे तर ९५ धरली. खऱ्या जखमेच्या शेजारी एक खोटा कागद ठेवला की खऱ्या जखमेकडेही संशयाने पाहिले जाते. पीडितांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी हा धडा मनावर घ्यायला हवा.

आता दुसरी बाजू. नकलेची कडक तपासणी आरोपीला का हवी, हे लोकल स्फोटांच्या खटल्याने दाखवले. तिथे कागद हरवले नव्हते. तिथे कबुलीजबाब होते, सह्या होत्या, शिक्के होते. पण उच्च न्यायालयाने ते वाचले तेव्हा वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतले काही भाग सारखेच, एकमेकांवरून उतरवल्यासारखे आढळले. छळाचा आरोपही न्यायालयाने ग्राह्य धरला. ते कबुलीजबाब अविश्वसनीय ठरले. (सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी हा निकाल इतर खटल्यांत पूर्वोदाहरण म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. अपील प्रलंबित आहे.) म्हणजे नक्कल दोन प्रकारची असते. एक अस्सलाची प्रत. दुसरी, जिला अस्सलच नाही. एकाच्या तोंडचे शब्द उचलून दुसऱ्याच्या तोंडी घातलेले असतात. पहिलीत कागद हरवतो, दुसरीत माणूस हरवतो.

हा रोग फक्त मोठ्या खटल्यांपुरता नाही. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. संजय देशमुख यांनी, एका मुलीच्या आत्महत्येच्या प्रकरणात साक्षीदारांचे जबाब पाहिले. परिच्छेद त्याच शब्दांनी सुरू होतात आणि त्याच शब्दांनी संपतात, असे त्यांना दिसले. गंभीर गुन्ह्यांतही तपास अधिकारी जबाब जसेच्या तसे चिकटवतात, ही धोकादायक पद्धत आहे, असे म्हणत न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

अकोला-अमरावतीच्या कोर्टात ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना हे नवे नाही. साक्षीदार बोलतो उर्दूमिश्रित वऱ्हाडीत. कागदावर मात्र उमटते ती "सदर इसमाने मजकूर इसमास" अशी पोलिसी मराठी. चार साक्षीदार चार ठिकाणी उभे असतात, पण चौघांनाही तेच, त्याच क्रमाने दिसलेले असते. मग उलटतपासणीत वकील विचारतो, "हा शब्द तुमचा आहे का?" साक्षीदार प्रामाणिकपणे नाही म्हणतो, आणि खरे बोलणारा माणूस खोटा ठरतो. नकलेच्या जबाबाने निरपराध आरोपी अडकतो, तसा खरा गुन्हेगारही सुटतो. म्हणून हा केवळ आरोपीच्या हक्काचा प्रश्न नाही.

तिसरा प्रकार आज सगळ्यांत जास्त भेटतो: मोबाईलमधली चित्रफीत, सीसीटीव्ही, कॉलच्या नोंदी. याबाबत देशभर चालणारा नियम आपल्या शेजारच्या जालन्यातून गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा दावा कैलास गोरंट्याल यांनी केला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण कायद्याला लागणारे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूळ यंत्र न्यायालयात आणता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र पक्षकाराने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि अधिकाऱ्यानेच दिले नाही, तर त्याची शिक्षा पक्षकाराला नको. प्रकरण निवडणुकीचे होते, पण नियम फौजदारी खटल्यांनाही लागू आहे.

नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने हे प्रमाणपत्र दोन भागांत केले. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचे हॅश मूल्य लिहायचे. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा. चित्रफितीतला एक क्षण कापला तरी हा अंगठा बदलतो. व्हॉट्सॲपवरून चार गटांत फिरून आलेली चित्रफीत वाटेत दाबली जाते, तिचा अंगठा मूळ फाईलशी जुळत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या अमरावतीतल्या हिंसाचारात किंवा मे २०२३ च्या अकोल्यातल्या दंगलीत अशा कितीतरी चित्रफिती आपल्या सर्वांच्या फोनवर आल्या आणि गेल्या. त्या कोणी काढल्या, मूळ फोन कुठे आहे, हे आज किती जणांना सांगता येईल?

आणि चौथी स्थिती, जिथे नकलेचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण अस्सल कागद तयारच होत नाही. अकोल्याच्या त्या दंगलीत जखमी झालेल्या एका १७ वर्षांच्या मुलाने सांगितले, की आपण एक खून होताना पाहिला आणि आपल्यावरही हल्ला झाला. त्याच्या तक्रारीवरून गुन्हाच नोंदवला गेला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ११ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. संजय कुमार आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने पोलिसांवर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला आणि हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांचे विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. पुढे फेरविचार याचिकेवर, पथकाच्या या रचनेबाबत, दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. पथकात कोण असावे याबद्दल दोन मते असू शकतात. पण तक्रार आली की ती लिहून घ्यायची, याबद्दल दोन मते असूच शकत नाहीत.

या सगळ्यातून आमची भूमिका अशी आहे. अस्सल आणि नकलेचा नियम आपल्या बाजूने लागतो तेव्हा न्याय आणि विरुद्ध बाजूने लागतो तेव्हा तांत्रिक पळवाट, असे म्हणता येणार नाही. ज्या नियमाने मालेगावच्या आरोपींविरुद्धच्या छायाप्रती रोखल्या, तोच नियम उद्या आपल्या गल्लीतल्या एखाद्या पोराविरुद्ध पुढे केलेला सहीविना झेरॉक्स कागद रोखणार आहे. २००६ च्या मालेगाव स्फोटात अडकवलेले नऊ तरुण आठवा. त्यांना दोषमुक्त व्हायला एप्रिल २०१६ उजाडला. त्यांच्यासारख्यांसाठी पुराव्याचा कडक नियम हीच एकमेव ढाल असते. ती ढाल आपणच सैल करायला सांगू नये. आपण मागायचे ते दुसरेच: अस्सल सांभाळा, वेळेवर ताडून नक्कल काढा, आणि कागद गेला तर कोणाला तरी जबाबदार धरा.

दप्तर हरवल्याचा फटका दोन्ही बाजूंना बसतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ च्या एका निकालातही दिसले. भ्रष्टाचाराच्या त्या खटल्यात खालच्या न्यायालयाचे दप्तरच गहाळ झाले होते आणि तरीही उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली होती. दप्तर न पाहता शिक्षा कायम करता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. आरोपी खरोखर दोषी होता की नव्हता, हे आता कुणालाच कळणार नाही. हरवलेला कागद सत्याचीच वाट बंद करतो.

म्हणून शासन आणि न्यायव्यवस्थेकडे तीन मागण्या. गंभीर गुन्ह्यांतले दंडाधिकाऱ्यांसमोरचे सर्व जबाब नोंदवले त्याच दिवशी स्कॅन व्हावेत, मूळ कागदाशी ताडून त्यांचे हॅश मूल्य नोंदवले जावे आणि एक प्रमाणित प्रत वेगळ्या ठिकाणी राहावी. पोलिसांसमोरच्या जबाबांचे दृकश्राव्य चित्रण करण्याची मुभा कायद्यात आहेच. खून, दंगल आणि दहशतवादाच्या प्रकरणांत ते सक्तीचे व्हावे, म्हणजे कोणाचे शब्द कोणाच्या तोंडी गेले ते कळेल. आणि दप्तर गहाळ झाल्यास ठरावीक मुदतीत चौकशी होऊन तिचा अहवाल पीडित आणि आरोपी दोघांनाही मिळावा.

मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या हातात काय आहे, तेही कमी नाही. गुन्हा नोंदवल्यावर फिर्यादीची प्रत मोफत मिळणे हा फिर्यादीचा आणि पीडिताचा हक्क आहे. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून परतू नका. संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. ठाणेदार तक्रार घेत नसेल तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. तरीही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. दोषारोपपत्र व सोबतचे कागद आरोपीला १४ दिवसांच्या आत विनामूल्य मिळायला हवेत. पाने कमी असतील, अक्षर दिसत नसेल, तर तोंडी कुरकुर नको. वकिलामार्फत न्यायालयात लेखी अर्ज द्या. न्यायालयातल्या महत्त्वाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती नक्कल विभागातून खटला सुरू असतानाच काढून ठेवा. दहा वर्षांनी फाईल हरवल्यावर सही-शिक्क्याची ती एक प्रत घराच्या पेटीत असणे किती मोलाचे ठरते, ते मालेगावने शिकवले.

जबाब देताना तो वाचून दाखवायला सांगा. मराठी नीट समजत नसेल तर उर्दूत समजावून घ्या. आपण न बोललेले वाक्य त्यात असेल तर तिथेच सांगा. पोलिसांसमोरच्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते, हेही लक्षात असू द्या. मोबाईलवर काही चित्रित केले असेल तर मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या, कापू नका, त्यावर मजकूर टाकू नका, आणि फोन विकू नका. पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रण १८ महिने, किमान एक वर्ष तरी, जपावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. ठाण्यात काही गैर घडले असेल तर ते चित्रण पुसले जाण्याआधी ते जपून ठेवण्याचा अर्ज करा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या बाजूचा कागद फुगवू नका. खरचटले असेल तर खरचटलेच लिहू द्या.

आपल्या वस्त्यांत शिकलेली मुलेमुली आहेत. वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, झेरॉक्सची दुकाने चालवणारी पोरे आहेत. प्रत्येक वस्तीत अशा चार-पाच जणांनी बसून लोकांची फिर्याद, पावत्या, दवाखान्याचे कागद आणि प्रमाणित प्रती नीट लावून ठेवल्या, तर ते मोर्चाइतकेच मोठे काम ठरेल. अमरावतीच्या कारागृहात पडद्यासमोर बसून ज्यांनी आपली सुटका ऐकली, त्यांची गेलेली वर्षे कोणी परत देऊ शकत नाही. भिक्खू चौकातल्या सहा घरांना अजून उत्तर मिळालेले नाही. पुढच्या खटल्यात तरी कागद अस्सल असावा, आणि तो जागेवर सापडावा.